शिळावर्तुळांची नोंद सातबाऱ्यावर घ्या

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, रायपूर-हिंगणा इथेही ती आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफने अडीच हजार वर्षांहून जुनी आहेत. पुरातत्त्वाचा विषय महसूलमंत्र्यांकडे का, असे आपल्याला वाटेल. कारण या दफनांचा मोठा भाग माती-मुरुमाचाच आहे, आणि मुरूम उचलायची परवानगी आपल्या खात्यातून मिळते.

मोठाले धोंडे गोल मांडायचे, आत अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी-छिन्न्या ठेवायच्या, त्यावर काळी माती दाबायची आणि वर गोटे-मुरुमाची रास चढवायची, अशी ही बांधणी. माहुरझरीला माणसांसोबत घोडेही पुरलेले आढळले, तांब्याच्या साजासकट! नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. एवढे सगळे कळले ते थर जागच्या जागी होते म्हणून. धोंडे राहिले आणि आतली रास ट्रॉलीत गेली, तर दफन संपलेच. धोंडा जेसीबीने लोटला तरी नुकसान होते. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत, यावरून अभ्यासक त्यांचा अर्थ शोधतात. धोंडा हलला की दिशा गेली.

संरक्षित स्थळांना १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. पण यादीबाहेरच्या, खाजगी शेतातल्या वर्तुळाची कागदावर खूणच नसेल, तर परवानगीवर सही करणाऱ्या तहसीलदाराला ते दिसणार कसे?

म्हणून मागणी एकच. भूमी अभिलेख आणि पुरातत्त्व खात्याने मिळून नागपूर जिल्ह्यापासून वर्तुळांची मोजणी करावी, प्रत्येकाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, आणि अशा गट क्रमांकाच्या जमिनीत गौण खनिज (माती, मुरूम) उचलण्याच्या परवानगीआधी किंवा अकृषिक वापराआधी पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय सक्तीचा करावा.

शेतकऱ्याला भीती वाटेल की नोंद झाली म्हणजे जमीन गेली. ही भीती खोटी नाही. वर्तुळाबाहेरची वहिती चालूच राहील, हे त्याला लेखी द्या आणि अडकलेल्या जागेचा मोबदला ठरवा. तसे केले नाही, तर मोजणीदार येण्याआधीच धोंडे बांधाला जातील.

पावसाळ्यानंतर मुरुमाचा उपसा पुन्हा वाढतो. त्याआधी निदान जुनापाणी-माहुरझरी परिसरापुरता आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
नागपूर जिल्ह्यातील एक रहिवासी