बुधाच्या अलीकडचा ग्रह

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘विज्ञान हीसुद्धा शेवटी एक श्रद्धाच’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. मला ते मुळीच पटलेलं नाही. फोनवर नुसता वाद झाला असता, म्हणून सविस्तर लिहितोय.

ल व्हेरिए हा फ्रेंच गणिती घे. युरेनस हिशेबाप्रमाणे फिरत नव्हता. ल व्हेरिएने गणित मांडून सांगितलं, पलीकडचा एक ग्रह त्याला ओढतोय आणि तो आकाशात अमुक जागी असणार. त्याचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं. त्याच रात्री गाले दुर्बिणीला डोळा लावून एकेका ताऱ्याची जागा सांगत होता आणि दारे हा विद्यार्थी ती नकाशात पडताळत होता. अखेर नकाशात नसलेला एक ठिपका सापडला. नेपच्यून! सांगितलेल्या जागेपासून एक अंशही लांब नव्हता.

पुढची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. बुधाची कक्षाही हिशेबापेक्षा जास्त सरकत होती, शतकात जेमतेम ४३ विकला. (एका अंशात ३६०० विकला असतात, यावरून बघ किती बारीक फरक!) ल व्हेरिए म्हणाला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं व्हल्कन असं नावही ठरलं. खेड्यातल्या एका डॉक्टरने सूर्यबिंबावरून काळा ठिपका जाताना पाहिल्याचं कळवलं, तेव्हा ल व्हेरिए स्वतः जाऊन त्याची उलटतपासणी करून आला. माणूस तोच, पद्धत तीच, दबदबा तर कितीतरी वाढलेला. तरी सूर्य झाकला की जवळचा ग्रह दिसेल म्हणून बघता बघता ग्रहणामागून ग्रहणं गेली आणि व्हल्कन कुणालाच खात्रीने दाखवता आला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतातून त्या ४३ विकलांचा हिशेब लागला, तोही नवा ग्रह न मानता. व्हल्कन बाद झाला. आइन्स्टाइनच्याही शब्दावर कुणी थांबलं नाही. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ त्याने सांगितला तेवढा वळतो का, ते मोजून पाहिलं.

देव्हारा माझ्याही घरी आहे, श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण ‘इथे बघा, नसेल तर माझं चुकलं’ असं आधीच सांगून बसणं ही फार वेगळी गोष्ट आहे. तुझ्या गुडघ्यासाठी तो माणूस जे चुंबकाचं कडं विकतोय, त्यात हेच नाही. दुखणं कमी झालं तर कड्याचा गुण, वाढलं तर ‘आतला विकार बाहेर पडतोय’. मग ते खोटं ठरायचं तरी कधी?

तू त्याला एवढंच विचार, काय झालं तर कडं निरुपयोगी आहे असं तुम्ही मान्य कराल? काय म्हणतो ते कळव. आणि तोवर हाडांच्या डॉक्टरांची औषधं बंद करू नकोस, कळकळीची विनंती आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश