मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : नकाराची किंमत खेळाडूंनी एकट्याने का भरावी?

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये ऑली मॅटसन या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य जिंकले. मॅटसन मूळचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. हेलसिंकीच्या आदल्या वर्षी त्याच्या कॉलेज संघावर जी वेळ आली, ती आपल्या कानावर घालून एक मागणी करायची आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे जेसुइट पाद्र्यांचे लहानसे विद्यापीठ. त्याच्या संघाचे नाव डॉन्स, प्रशिक्षक जो कुहारिच. दुसरे महायुद्ध संपून सहाच वर्षे झाली होती आणि बचाव फळीतला जिनो मार्केटी तर युरोपातल्या रणांगणावर मशिनगन चालवून परतलेला होता. १९५१ च्या मोसमात हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी फोर्डहॅमला ३२-२६ असे हरवले. कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्धचा सामना तर ४७-१४ असा एकतर्फी झाला. मॅटसनने मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली, २१ टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणे). देशात त्या वर्षी त्याच्याइतकी धाव कोणाचीच नव्हती.

त्या काळी मोसम संपला की निवडक संघांना 'बाउल' सामन्यांची निमंत्रणे येत. त्यातले बरेचसे मोठे सामने दक्षिणेकडच्या राज्यांत होत, आणि तिथे वर्णभेद कायद्याने चालू होता. निमंत्रण हवे असेल तर मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून या, असे डॉन्सना कळले. संघाने नकार दिला. त्यासाठी मतदान घ्यावे लागले नाही. दोघांना सोडून जायचे, हा विषयच त्यांच्या लेखी चर्चेचा नव्हता.

साहेब, या नकाराचा हिशोब मांडून पाहावा. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता आणि बाउलच्या उत्पन्नावरच त्याची आशा होती. ते हातचे गेले आणि मोसम संपताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. एकही सामना न हरलेला संघ विसर्जित झाला. खेळाडू कमी दर्जाचे होते म्हणावे, तर त्यांतले नऊ जण पुढे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये गेले. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे तर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत आहेत. टोलरचा गुडघा १९५२ मध्येच दुखावला, त्याचे खेळणे थांबले. पण १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. विद्यापीठाने या संघाला मानद पदवी दिली ती २००६ साली. तोपर्यंत ५५ वर्षे उलटली होती आणि काही जण ती घ्यायला उरलेही नव्हते.

हे असेच घडायला हवे होते असे नाही, म्हणून दुसरे उदाहरणही सांगतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या संघातही दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९४६ मध्ये दक्षिणेकडच्या मायामीच्या संघाशी सामना ठरला होता. त्या दोघांना आणू नका, असा सूर तिकडून निघाल्यावर पेन स्टेटने सामनाच रद्द केला. पुढे १९४८ च्या कॉटन बाउलसाठी ते दक्षिणेतल्याच डॅलसला गेले, ते सगळ्यांना घेऊन. शहरातली हॉटेले सर्वांना एकत्र ठेवून घेणारी नव्हती, म्हणून अख्खा संघ नौदलाच्या विमानतळावर मुक्कामाला राहिला. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला, आणि बरोबरी साधणारा टचडाउन वॉली ट्रिपलेट या कृष्णवर्णीय खेळाडूचाच होता. प्रतिस्पर्धी तयार झाला, राहण्याची सोय कोणीतरी केली, विद्यापीठ मागे हटले नाही. डॉन्सच्या खेळाडूंची हिंमत तितकीच होती. त्यांच्या पाठीशी मात्र पैसा नव्हता.

आपल्याकडे खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. मला ती ऐकताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होते, कारण जो भार सरकारने उचलायचा, तो एका शिक्षकाच्या घरावर पडला.

म्हणून मागणी अशी. राज्याचा किंवा विद्यापीठाचा संघ बाहेर खेळायला जातो, तेव्हा एखाद्या खेळाडूची जात, धर्म, वर्ण किंवा प्रदेश पाहून त्याला निवासात, जेवणाच्या पंगतीत किंवा मैदानावर वेगळे वागवले गेले, तर संपूर्ण संघाला माघार घेण्याचा हक्क लेखी नियमाने मिळावा. अशा माघारीबद्दल संघावर दंड किंवा बंदी येऊ नये. प्रवासाचा आणि प्रवेश शुल्काचा खर्च क्रीडा विभागाने भरून द्यावा. ज्या खेळाडूंना नोकरीतल्या आरक्षणासाठी किंवा वाढीव गुणांसाठी त्या स्पर्धेतला सहभाग लागतो, त्यांचा सहभाग ग्राह्य धरावा. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. आमची मुले गरीब घरांतून येतात आणि एका प्रमाणपत्रावर त्यांची पोलीस भरती अवलंबून असते. सोबत्यासाठी उभे राहायचे की घरासाठी गप्प बसायचे, हा पेच अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर आपण टाकू नये.

तक्रार खरी की खोटी हे ठरवायला जिल्हा क्रीडा अधिकारी आणि विद्यापीठाचे क्रीडा संचालक यांची समिती पुरेशी आहे. तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. नवीन कार्यालय, नवीन पद काहीच लागणार नाही.

येत्या १५ जानेवारीच्या आत हा शासन निर्णय निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा