अण्णा, बातम्या बंद केल्यात, मतं नाही

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र आधी तू वाच आणि अण्णांचा नाश्ता झाल्यावर त्यांच्या हातात दे. उपाशीपोटी देऊ नकोस.

अण्णा, जे केलंय ते आधीच सांगून टाकते. डिशच्या पॅकमधून बातम्यांच्या पैसेवाल्या वाहिन्या मी काढल्यात. फुकटच्या उरल्यात त्यांना कुलूप लावलंय. पिन आईलाही माहीत नाही, म्हणून तिच्यामागे लागू नका. कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही, खातं माझ्या नंबरवर आहे. रागवा, तो तुमचा हक्कच आहे, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आईच्या वहीतले तुमच्या बीपीचे आकडे मी पाहिले. सकाळी १३०-१३५ आणि रात्री दहाच्या चर्चेनंतर १६०, १६५. डॉक्टर गोळी वाढवायची म्हणतायत. गोळी वाढवण्याआधी ती चर्चा कमी करून बघू, एवढंच माझं म्हणणं. शिवाय त्या आकड्यांतले काही खोटे असणार. दंडाला पट्टा बांधलेला असताना तुम्ही टीव्हीवरच्या माणसाला उत्तर देत असता, आणि नुसत्या बोलण्यानंही वरचा आकडा दहाने चढतो. मोजायची रीत अशी: अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही (ती तशीही नाहीच, हो ना?). लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा सदऱ्यावरून बांधायचा नाही, उघड्या दंडाला, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. घरी बरेच दिवस १३५/८५ च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवायचं. १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचा. तरीही तेवढाच असेल तर डॉक्टरांना लगेच फोन. आणि छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं तर दुसऱ्यांदा मोजत बसायचं नाही, सरळ १०८. आई, हे तुझ्यासाठी आहे. अण्णा ‘काही नाही, ॲसिडिटी आहे’ म्हणतील. ऐकायचं नाही.

दुसरं कारण कानाचं. तुमच्या पिढीनं सैन्यात रेंजवर कानात बोळे न घालता फायरिंग केलं. अशा कानांचे आधी बारीक, उंच आवाज जातात: स, श, फ, त. आवाज येतो पण शब्द कळत नाही. मग तुम्ही टीव्ही मोठा करता, आणि त्यानं ओरडणाराच मोठा होतो, शब्द तिथंच राहतो. इसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, मिळालेलं कानाचं यंत्र डबीत ठेवायला दिलेलं नाही. त्याचा सेल हवेवर चालतो. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग बसवायचा, नाहीतर लवकर दम तोडतो. एकदा स्टिकर काढला की वापरा न वापरा, तो उतरतच जातो. म्हणून चार सेल एकदम उघडू नका. शिट्टी वाजली तर यंत्र नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ आहे. काडी घालू नका, पॉलिक्लिनिकला जा. आंघोळीआधी काढून ठेवा.

आता तुमच्या सोयीचं. खुर्ची जिथं आहे तिथंच राहील. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आहेतच. रेडिओ वायरवर लावून ठेवलाय, सेल फक्त लाईट गेल्यावर. सह्याद्री आहे. संसद टीव्ही मी मुद्दाम ठेवलाय. तिथं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळतं, मधले बारा सेकंद कापून त्यावर तासभर भांडत नाहीत. ‘ऐक्य’ येतोच, आता पुण्याचाही एक पेपर सुरू केलाय, नऊपर्यंत येईल. खेळाच्या वाहिन्यांना हात लावलेला नाही. डीडी स्पोर्ट्सवर भारताचा सामना का दिसत नाही म्हणून तुम्ही डिशवाल्याला शिव्या देता, पण त्यात त्याचा दोष नाही. सामने दूरदर्शनला वाटून द्यायचा कायदा २००७ चा आहे, पण ते चित्र फक्त दूरदर्शनच्या ॲन्टेनावर आणि फ्री डिशवर दाखवता येतं, असं २०१७ साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं. आपल्या डिशवर तेवढा वेळ दुसरंच काहीतरी लागतं. म्हणून खेळाचे पैसे मी भरते.

२०२५ चा मे महिना आठवा, ऑपरेशन सिंदूरचा. ७ ते १० मे तुम्ही झोपला नाहीत. कराची बंदर उडवलं म्हणून काही वाहिन्या नाचत होत्या आणि तसं काही झालंच नव्हतं. स्टुडिओत भोंगे वाजवत होते. शेवटी नागरी संरक्षण खात्यानं लेखी कळवलं की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे भोंगे वापरू नका, लोकांना सवय होईल आणि खरा भोंगा कुणी मनावर घेणार नाही. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, हे तर माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं २६ एप्रिललाच बजावलं होतं, कारगिल, कंदाहार आणि २६/११ चे दाखले देऊन. तुम्ही तेच टीव्हीला ओरडून सांगत होतात. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं, फक्त समोर ऐकणारं कुणी नव्हतं. ऐकणारी माणसं आहेत, अण्णा, ती पारावर आहेत. म्हणूनच अग्निवीरबद्दल, म्हणजे त्या चार वर्षांच्या सैन्यभरतीबद्दल, जरा सविस्तर लिहिते.

वाडीतली पोरं भरतीचं विचारायला तुमच्याकडेच येतात. तुमचं मत मला पाठ आहे: चार वर्षांत पलटण कळत नाही. कळायला किती वर्षं लागतात हे तुम्ही सांगायचं, मी नाही. पण त्या मताला तुम्ही ‘पैसेपण काही देत नाहीत’ असं जोडता, ते सोडा. आकडे नीट सांगा, मत त्यानं आणखी बळकट होईल. पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापतात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. सरकार तेवढीच भर घालतं आणि व्याजासकट शेवटी ११.७१ लाखांच्या आसपास मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. ४८ लाखांचा विमा आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीसजणांना पुढं कायम करतात. म्हणजे पोराला विचारायचा प्रश्न हा: उरलेल्या पंच्याहत्तरांत आलास तर त्या अकरा लाखांचं काय करणार? बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब आणि एक गाडी यात ते पैसे वर्षभरात संपतील. चार वर्षांत बारावी झाली का, हातात ट्रेड आला का, हे आधी बघायला सांगा. योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपतात. ही पोरं गावात परतली की त्यांना तुम्हीच भेटा. तेव्हा तुमच्या मताला पुरावा मिळेल, नाहीतर ते बदलावं तरी लागेल. दोन्ही चालेल.

आणि एक जुनी गोष्ट सांगणं बंद करा. ‘आधी पळ, पेपरचं नंतर बघू’ हे आता उलटं झालंय. २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी, त्यात निघाला तरच मैदान. पोरं वर्षभर पळतात आणि संगणकासमोर बसल्यावर अडकतात. पळणं तेच आहे: १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण, दहा पुल-अप्सना ४०. पण त्या मैदानापर्यंत पोचायला सकाळी पाचला पळायचं आणि संध्याकाळी गणित, सामान्य ज्ञान करायचं.

ओआरओपीबद्दल, म्हणजे ‘समान हुद्दा, समान पेन्शन’बद्दल, तुमच्याशी माझा वाद नाही. दर वर्षी सुधारणा हवी होती आणि मिळाली पाच वर्षांनी एकदा, हे दुखणं खरं आहे. पण सुप्रीम कोर्टानं १६ मार्च २०२२ ला सरकारचं धोरण ग्राह्य धरलं. १ जुलै २०१४, मग १ जुलै २०१९, मग १ जुलै २०२४. त्या हिशेबानं पुढची सुधारणा १ जुलै २०२९ ची. त्यामुळं ‘ओआरओपीचा थकीत फरक, खालील फाइल उघडा’ असं जे ग्रुपवर फिरतं ते शंभर टक्के चोरांचं असतं. नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल उघडली की मोबाईल त्यांच्या ताब्यात जातो आणि ओटीपी त्यांनाच दिसतात. उघडू नका, पुढं पाठवू नका. चुकून उघडलीच तर मोबाईल बंद करायचा, आईच्या फोनवरून आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावायचा, मग बँकेला. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर मीच करून देते, तुमच्या त्या मित्राच्या पोराकडं नको.

पेन्शनवरून आठवलं. वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की १०० टक्के. सरकारकडून वसूलच करायचं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे. तेवढ्यासाठी तरी लोणचं ताटातून हटवा. दिवसाला एक चमचा मीठ, म्हणजे पाच ग्रॅम, सगळं मिळून, पापडासकट.

खेळाचं तुमचं बरंचसं पटतं. अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातला, महार रेजिमेंटचा. २०२३ च्या आशियाई खेळात स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं आणि पेपरात त्याला आयपीएलच्या लिलावापेक्षा कमी जागा. मुरलीकांत पेटकर तर सैन्याच्या ईएमई कोअरचे, १९६५ ला गोळ्या खाल्लेले, १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण पोहून आणणारे, आणि त्यांना पद्मश्री २०१८ साली. हे तुम्ही लिहाच. २०२५ च्या आशिया चषकात आपल्या संघानं पाकिस्तानशी हात मिळवला नाही, त्याबद्दलचं तुमचं वाक्यही मला आवडतं: जायचं नसेल तर जाऊ नका, गेलात तर हात मिळवा, आम्ही सीमेवरच्या फ्लॅग मीटिंगला मिळवत होतो. जावयाला ते पटत नाही, पण त्यावर त्याच्याशी जेवताना बोलू नका. एका गोष्टीत मात्र तुम्ही चुकता. बायकांच्या क्रिकेटला ‘टाइमपास’ म्हणू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्यांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, आणि स्मृती मानधना आईच्या माहेरची, सांगलीची आहे. तुम्ही असं बोललात की आई काही म्हणत नाही, पण आमटी तिखट होते.

राजकारणावर हवं ते बोला, निवृत्त माणसाला तो हक्क आहे. फक्त मत तुमच्या नावानं द्या, पलटणीच्या नावानं नको. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका असं निवडणूक आयोगानं २०१३ ला आणि पुन्हा मार्च २०१९ ला पक्षांना बजावलंय. तुमच्या त्या वर्दीतल्या फोटोवर कुणी पक्षाचं चिन्ह चिकटवून फिरवलं तर तुम्हालाच सगळ्यात जास्त लागेल. म्हणून तो फोटो ग्रुपवरून काढा. कुठली पलटण सध्या कुठं आहे हे तर अजिबात लिहू नका, हे मी तुम्हाला सांगावं लागू नये.

आता मतं कुठं मांडायची? पेपरात वाचकांच्या पत्रांत. दीडशे शब्द, एक विषय, पहिल्याच वाक्यात मत, मग दोन आकडे, मग बंद. खाली नाव, गाव, फोन. ‘मी देशासाठी...’ नं सुरुवात केली की संपादक पहिल्याच ओळीला कापतो. तुम्ही वहीत लिहा, फोटो पाठवा, मी टाइप करते. रविवारी सकाळी दहाला फोन करीन, तेव्हा आठवड्याची सगळी मतं मला सांगायची. एकही शब्द मध्ये बोलणार नाही, वचन. सैन्याच्या टपालाचा, ५६ एपीओचा शिक्का असलेली तुमची आंतरदेशीय पत्रं आई मोठ्यानं वाचायची आणि मी त्या काळ्या ट्रंकेवर बसून ऐकायची, अक्षरं मला तुमच्याच हस्ताक्षरातून आली. तुम्ही कितीही लांबण लावा, मी ऐकते.

एक महिना असं करून बघू. वहीतले रात्रीचे आकडे उतरले नाहीत तर वाहिन्या परत लावून देते, ही माझी बोली. उतरले तर विषय बंद.

आई, तुझे गुडघे कसे आहेत? तू पत्रात काही लिहीत नाहीस म्हणून विचारते. देवघराच्या उंबऱ्याशी पट्टी बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला चहा दे पण गप्पा मारत बसू नकोस. अण्णांची संध्याकाळची गोळी जेवणाआधी की नंतर याचा घोळ नको, डबीवर चिकटवलंय ते बघ.

तुमची,
बायडी

ता. क. अण्णा, माळ्यावरचा जुना ॲन्टेना काढून बघायचा विचार मनात आला असेल तर शिडीवर चढायचं नाही. धाकट्याला सांगून ठेवलंय, शिडी त्याच्याकडे आहे.