सिस्टर, जेवलात का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेले लेख वाचले. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक सगळ्यांचा उल्लेख त्यांत होता, चर्चच्या पाळकाचा मात्र नव्हता. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. आजही गावोगावच्या ख्रिस्ती वस्तीत कुणाची झोप उडाली, घरात भांडण पेटले, पोरगा दारूला लागला, की माणूस आधी पाळकसाहेबांचेच दार वाजवतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मनाच्या निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. अशा वेळी त्या दारात माणसाला काय ऐकायला मिळते, याला फार महत्त्व आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. पुढचे चार महिने रात्री दोननंतर माझा डोळा लागत नसे. उपासनेत गीत सुरू झाले की घसा दाटून यायचा. एका तरुण उपदेशकांना सांगितले, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन वाचले, विश्वासात कमी पडता म्हणाले आणि तीन दिवसांचा उपास सांगितला. मी तो केला. चौथ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडले. त्या वचनावर माझा आजही पूर्ण भरवसा आहे, पण त्या दिवशी ते कानशिलात बसल्यासारखे लागले. आधीच खचलेली बाई, त्यात आपला विश्वासही खोटा की काय, ही नवी टोचणी.

मग आमचे एक जुने, सेवानिवृत्त पाळक घरी आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सिस्टर, जेवलात का?’ शेजारून भाकरी-पिठले मागवले आणि मी दोन घास खाईपर्यंत ते गप्प बसून राहिले. नंतर बायबलमधल्या एलीयाची गोष्ट सांगितली. एवढा मोठा संदेष्टा, पण झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. ‘तू येथे काय करतोस?’ हे देवाने त्याला विचारले ते नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

दुसऱ्याच दिवशी ते मला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेले आणि माझा केसपेपर हातात धरून बाकावर बसून राहिले. काही महिने गोळ्या चालल्या. दर गुरुवारी ते येत आणि एक स्तोत्र वाचत. ८८ वे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, हे चाळीस वर्षे उपासनेला जाऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी मी मोकळी रडले.

बायबलच्या आधारे समुपदेशन करण्याच्या आजच्या पद्धतीला १९७० पासून ‘जे अ‍ॅडम्स’ नावाच्या अमेरिकन पाळकांनी जोर दिला. मनाच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ पापात आहे आणि पाळकाने शास्त्रातून बोध करावा, असे ते सांगत. मात्र शरीराच्या आजाराला डॉक्टर हवा, हे त्यांनाही मान्य होते. आपल्याकडे त्यांच्या शिकवणीतला बोध तेवढा उचलला जातो, असा माझा अनुभव आहे. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर त्यांचे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

आणखी दोन गोष्टी कळकळीने सांगते. पाळकाला विश्वासाने सांगितलेले दुःख ‘अमुक भगिनीच्या निराशेसाठी प्रार्थना करा’ म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. त्या भगिनीला मग रविवारी चर्चची पायरी चढवत नाही. आणि नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला ‘अधीन राहा’ सांगून परत पाठवणे, हे शास्त्राच्या नावावर केलेले पाप आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. पाळकाने तिच्याबरोबर तिथवर चालत जावे.

धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना निदान काही आठवडे मानसोपचार विभागात बसवावे, अशी आमच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. संदेश कसा द्यावा हे ते शिकतातच, थोडे ऐकायलाही शिकतील.

आमच्या चर्चमध्ये गीतांचे क्रमांक लिहायचा फळा आहे. गेल्या रविवारी पाळकसाहेबांना विचारून त्याखाली खडूने १४४१६ लिहिला. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलिमानस या फोनसेवेचा हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. उपासना सुटल्यावर दोघांनी तो मोबाइलमध्ये उतरवून घेतला. आपणही तो छापावा, ही विनंती.

– एक वाचक, अहिल्यानगर