ओळी ताणू नका

महोदय,

दिवाळी अंकांची कामे सुरू आहेत, म्हणून हे पत्र. मी पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून सांगलीत डीटीपीचे, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याचे काम करते. हल्ली बऱ्याच अंकांत शेजारच्या दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींसमोर येत नाहीत. मजकूर चौकटीला कमी पडला की इनडिझाइन या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-बी दाबून चौकटीच्या पर्यायांत उभे 'जस्टिफाय' निवडतात. मग ओळी तळापर्यंत ताणल्या जातात. वाचकाला कारण कळत नाही, पण डोळे शिणतात.

तिथेच 'पॅराग्राफ स्पेसिंग लिमिट' वाढवले तर जादा जागा आधी परिच्छेदांच्या मध्ये जाते, ओळींमधले अंतर सांभाळले जाते. लेखाला मी तेही करत नाही. बेसलाइन ग्रिड (सगळ्या स्तंभांतल्या ओळी ज्यावर बसतात त्या समान अंतराच्या रेषा) लावते, 'अलाइन टॉप' ठेवून मजकूर वरून सुरू करते आणि उरलेली जागा खाली मोकळी सोडते. कवितेला किंवा जाहिरातीला मजकूर चौकटीच्या उभ्या मध्यावर शोभतो, दीर्घ लेखाला नाही.

उलट मजकूर जास्त झाला की लीडिंग, म्हणजे ओळींमधले अंतर, आवळतात. हे तर देवनागरीवर अन्यायच! वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. अशा वेळी संपादकांकडे दोन वाक्ये कापायची परवानगी मागावी. ते बहुधा देतात.

अरुंद चौकटीत दोन्ही कडा जुळवण्याचा हट्टही नको. आपले जोडशब्द लांब, त्यामुळे शब्दांमध्ये पांढरी भगदाडे पडतात. तिथे डावी कड पुरे.

संपादकांना विनंती, की शेवटच्या प्रुफावर शुद्धलेखनाबरोबर ओळीही पट्टी लावून पाहाव्यात.

— एक डीटीपी ऑपरेटर, सांगली