लेनियन्सीची चौकशी केलीस म्हणून

प्रिय अरविंदा,

स. न. वि. वि.

निकालपत्राचं भाषांतर करताना एकाच परिच्छेदात 'लेनियन्सी' आणि 'क्लेमन्सी' दोन्ही आले आणि तू दोन्हीकडे 'दया' लिहून मोकळा झालास, असं परवा फोनवर म्हणालास. तेव्हा मी हूं हूं केलं, पण मग स्वस्थ बसवेना. जन्मभर पोरांना रोम शिकवलेला माणूस, त्यात आता रिकामा. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

'लेनियन्सी'चं मूळ लॅटिन 'लेनिस'. मऊ, सौम्य. वारा असो की वाईन, जे बोचत नाही ते 'लेनिस'. त्यावरूनच दुखणं शमवणं या अर्थाचं क्रियापद झालं. सतराव्या शतकात 'लेनियंट' इंग्रजीत आला तोही आधी औषधपाण्याच्या बोलीत, ठणका कमी करणारा म्हणून. न्यायाधीश आणि मास्तर 'लेनियंट' व्हायला लागले ते पुढे. 'लेनियन्सी' हे नाम तर अठराव्या शतकातलं.

'क्लेमन्सी'चं घराणं वेगळं. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने 'क्लेमेन्शिया'वर, म्हणजे क्लेमन्सीच्या मूळ लॅटिन शब्दावर, एक ग्रंथच लिहिला, तोही नुकतीच अठरा वर्षं ओलांडलेल्या नीरो बादशहाला उद्देशून! त्यात तिच्या ज्या व्याख्या आहेत त्यातली एक तुझ्या कामाची: शिक्षा ठरवताना वरच्याने खालच्याशी दाखवलेली 'लेनिटास', म्हणजे 'लेनिस'पणा, मऊपणा. म्हणजे तुझे दोन्ही शब्द एकाच वाक्यात. मऊपणा कोणीही दाखवावा. वरच्याने खालच्याला दाखवला की त्याची क्लेमन्सी होते. याच ग्रंथात नीरोचा एक किस्सा आहे. दोन दरोडेखोरांच्या मृत्युदंडावर सही करायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, मला लिहिता येत नसतं तर बरं झालं असतं. सेनेका यावर अगदी विरघळला आहे. पुढे इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमावरून त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला.

वरच्या-खालच्याची ही भानगड कळते ती सीझरकडे पाहिलं की. इ. स. पू. ४९ मध्ये रोमच्या यादवीत इटलीतल्या कॉर्फिनियमला त्याने डोमिशियस या हाडवैऱ्याला पकडलं आणि सोडून दिलं. डोमिशियस तिथून निघाला तो थेट मासिलियाला (आजच्या मार्सेयला) जाऊन पुन्हा सीझरविरुद्ध उभा राहिला. तरी सीझरने धोरण बदललं नाही. जिंकण्याची ही नवी पद्धत आहे, असं त्याने पत्रात लिहूनही ठेवलं. पण एक बारकावा बघ. फार्सालसच्या लढाईत हरून शरण आलेल्या सैनिकांना धीर देताना आपण काय बोललो ते सांगताना त्याने शब्द वापरलाय 'लेनिटास'. 'क्लेमेन्शिया' नाही. मला तरी हा पक्का मुत्सद्दीपणा वाटतो. बरोबरीच्या रोमन माणसाला 'मी तुझ्यावर क्लेमेन्शिया केली' म्हणणं म्हणजे 'मी तुझा धनी' म्हणणं.

सीझरचा कट्टर विरोधक केटो, त्याने हे बरोबर ओळखलं. ज्याला माझ्यावर हक्कच नाही त्याने मला जीवदान द्यायचं आणि मी आभार मानायचे? त्यापेक्षा त्याने उत्तर आफ्रिकेतल्या उटिकाला स्वतःचं पोट फाडून घेतलं. वाचवायची संधीही हिरावून घेतलीस, म्हणून सीझर हळहळला म्हणतात. ब्रूटस आणि कॅशियसने मात्र माफी घेतली. सिनेटने तर सीझर आणि क्लेमेन्शिया देवी हातात हात घालून उभे असलेलं देऊळ मंजूर केलं. इ. स. पू. ४४ च्या मार्चमध्ये याच ब्रूटस-कॅशियसने सीझरचा खून केला, हे तुला सांगायला नको.

आपल्याकडे 'क्लेमन्सी' हा शब्द शिवी म्हणून आला, हे तुला ठाऊक आहे का? ३१ जुलै १८५७ ला गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या सरकारने ठराव काढला: शिपायाची पलटण बंडात होती का, तिने अधिकाऱ्यांचे खून केले का, तो हत्यारासह सापडला की निःशस्त्र, हे पाहून मगच शिक्षा. झालं! लंडन-कलकत्त्याची वर्तमानपत्रं खवळली, 'क्लेमन्सी कॅनिंग' हे नाव पडलं आणि कलकत्त्याच्या गोऱ्यांनी त्याला परत बोलवा म्हणून राणीकडे अर्ज केला. मार्च १८५८ मध्ये याच कॅनिंगने सहा जणांचा अपवाद करून अवधच्या जमिनींची मालकी सरकारजमा केली. टोपणनाव तरी चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हा तुझ्या परिच्छेदात न्यायाधीशाने शिक्षा कमी केली असेल तिथे 'नरमाई' किंवा 'सौम्यता' लिही. राष्ट्रपतींच्या अधिकाराचा विषय असेल तिथे 'दया' राहू दे, लोक 'दयेचा अर्ज'च म्हणतात. मात्र इंदिरा गांधींच्या हत्येतल्या केहरसिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की राष्ट्रपतींचा हा कलम ७२ चा माफीचा अधिकार घटनेच्या व्यवस्थेचा भाग आहे, सत्ता हाती असलेल्या एखाद्याची खासगी कृपा नव्हे. सेनेकाला हे पटलं नसतं.

जाता जाता एक. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा अलाहाबादला कॅनिंगनेच वाचला. इंग्रजांच्या खुनात ज्यांचा हात नव्हता त्यांना त्यात माफी होती, पुढाऱ्यांना निदान जिवाची हमी होती. पण मुदत १ जानेवारीपर्यंत. तात्या टोपे सापडले १८५९ च्या एप्रिलमध्ये, आणि १८ तारखेला शिप्रीला (आजच्या शिवपुरीला) त्यांना फाशी दिलं.

वहिनींना नमस्कार. भाषांतराचा तो परिच्छेद पाठव, बघतो.

तुझा,
सुधाकर