टेकडी ओली असेल तेव्हा आम्हाला अडवा

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
पुणे वनविभाग.

विषय: ओल्या दिवसांत टेकड्यांवरच्या काही वाटा सायकलींना बंद ठेवण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय वाचून हे पत्र एखाद्या वैतागलेल्या मॉर्निंग वॉकवाल्याचं असेल असं वाटेल. तसं नाही. मी स्वतः माउंटन बाइकवाला आहे. वेताळ टेकडी, म्हातोबा, तळजाई आणि सुट्टी असेल तर बोपदेव घाट, अशी अकरा वर्षं सायकल हाणतो आहे. तरी लिहितोय, कारण गेल्या जुलैत मीच एक उद्योग करून ठेवला.

दोन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, म्हणून आम्ही तिघं वेताळच्या मागच्या उतारावरून खाली सुटलो. मजा आली, खोटं कशाला बोलू. वळणावर मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक घसरतं आणि ओल्या मातीत गुळगुळीत पट्टा उमटतो. बोटभर खोल, जास्त नाही. पण पुढच्या सरीच्या पाण्याला तीच आयती पन्हळ मिळाली. गणपतीत गेलो तेव्हा तिथे वीतभर ओघळ होता. दिवाळीपर्यंत शेजारच्या गिरिपुष्पाची मुळं उघडी पडली होती आणि रोज फिरायला येणारे एक आजोबा काठी बाजूला ठेवून त्या ओघळीत दगड रचत होते. मी थांबलो, तर म्हणाले, "तुम्ही लोक चढताना बरे दिसता हो. उतरताना नाही."

आपल्याकडे काळ्या कातळावर मुरूम आणि त्यावर माती, तीही कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मुरमाची वाट पाऊस थांबल्यावर काही तासांत निथळते. काळी चिकण माती दोन-तीन दिवस घेते. म्हणून चार महिने सरसकट बंदी मी मागत नाही. तशी बंदी कुणी पाळत नाही आणि वनरक्षकाचं निम्मं आयुष्य आमच्याशी हुज्जत घालण्यात जातं.

जास्त नुकसान होतं ते चरांपाशी. उतारावर पाणी अडावं, मुरावं म्हणून सलग समतल चर खणलेले असतात. आमच्यातले काही बहाद्दर सायकल उडवायला त्या चराचा बांध एका जागी फोडतात. मग चरात साठलेलं सगळं पाणी त्या एका खिंडारातून थेट वाटेवर येतं. ज्या चराने माती धरायची, तोच ती वाहून न्यायला लागतो. बालभारती-पौड फाटा रस्ता टेकडीवरून नको म्हणून आपण पुणेकर घसा कोरडा करतो आणि आमची मंडळी फावडं घेऊन स्वतःचा रस्ता काढतात! चालणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत म्हणा. राडा दिसला की बूट जपायला बाजूने जायचं, म्हणजे पुढच्या वर्षी फूटभराची पाऊलवाट बैलगाडीएवढी झालेली असते.

इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचा एक साधा ठोकताळा आहे: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे पाणी वाट आडवी ओलांडून जातं, वाटेवरून धावत नाही. आपल्या बहुतेक वाटा मात्र नाकासमोर खाली उतरतात. त्या कुणी आखलेल्याच नाहीत, पायांनी पडल्या आहेत.

सायकलींचं आम्ही बघून घेऊ. चिखलातली बारीक रेव चेन आणि ब्रेकपॅड सहाणेसारखी उगाळते. घरी येऊन जोराचा फवारा मारला तर बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि आत पाणी शिरतं. नाना पेठेतला माझा मेकॅनिक दर ऑगस्टला एकच वाक्य ऐकवतो, "बादली न् ब्रश घ्या साहेब, पंप नको." तेव्हा ओल्या दिवशी घरी बसण्यात आमचाही पैसा वाचतो.

मागणं छोटं आहे. टेकडीच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी असावी, एक बाजू लाल, एक हिरवी. सकाळी वनरक्षकाने मातीच्या वाटेवर टाच रोवून बघावी. ठसा उमटला तर लाल. मुरमाच्या आणि कातळाच्या वाटा त्याही दिवशी खुल्या ठेवाव्यात, आणि त्या कोणत्या हे त्याच पाटीवर लिहावं.

दुसरं, फुटलेले बांध आणि आमच्या ओघळी दुरुस्त करायची लेखी परवानगी द्यावी. १९२७ च्या वन कायद्याखाली राखीव वनातली जमीन परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, मग ती वाट सुधारायला खणलेली का असेना, म्हणून विचारतोय. दगडांचे आडवे बांध कुठे घालायचे हे आपल्या माणसाने दाखवावं. कुदळी, फावडी, घमेली आणि पंधरा-वीस माणसं आम्ही आणू. ऑक्टोबरमधला कुठलाही रविवार चालेल, सकाळी साडेसहा.

आपला,
कोथरूडचा एक सायकलवाला

ता. क. त्या आजोबांनी रचलेले दगड पहिल्या वळणापर्यंत आले आहेत. आपल्या माणसांनी ते अतिक्रमण समजून काढू नयेत, एवढं बघावं.